प्रिंट पाठवायची आहे, नीट पोचेल ना? पॅकिंग आणि कुरिअरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पुण्यात लिनोकट (लिनोलियमवर कोरून छापलेलं चित्र), वुडकट (लाकडावर कोरून) आणि एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून) छापतो. शिवाय इतर चित्रकारांना जिक्ले, म्हणजे चांगल्या इंकजेट यंत्रावरच्या प्रिंट काढून देतो. छापण्यात जितका वेळ जातो त्याच्या निम्मा तरी बांधण्यात जातो, आणि फोन तर बहुतेक बांधण्याबद्दलच येतात. गिऱ्हाइकं विचारतात, नव्याने स्वतःच्या प्रिंट विकायला लागलेली मुलंमुलीही विचारतात. दरवेळी तेच सांगायचं म्हणून एकदा लिहून काढलं.

कागदच तर आहे. जाड पाकिटात घालून पाठवला तर काय बिघडतं?

लग्नपत्रिका जाते तशी जाईल, आणि लग्नपत्रिका येते तशीच पोचेल, एक कोपरा दुमडून. पत्रिकेचं त्याने काही अडत नाही. प्रिंटचा कोपरा गेला की ती विकायची राहिली नाही.

३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कॉटन कागद हाताला दणकट लागतो, म्हणून लोक फसतात. पातळ कागद वाकतो आणि परत सरळ होतो. जाड कागद एकदा मोडला की आतले तंतूच तुटतात, मग वरून कितीही वजन ठेवा, रेघ दिसतच राहते. आणि २५ प्रतींच्या आवृत्तीतली ७/२५ ही एकच असते. कोरलेला ब्लॉक कपाटात असला तरी सव्विसावी काढायची नाही, असा शब्द दिलेला असतो.

लोक पार्सल पडेल म्हणून घाबरतात. पडल्याने काच फुटते; कागदाला त्याचं तितकंसं नाही. कागदाला तीन गोष्टी मारतात: वाकणं, आतल्या आत सरकत राहणं, आणि ओल. यातलं दुसरं कुणाच्या लक्षातच येत नाही. पुणे ते कोलकाता तीन दिवस ट्रकच्या हादऱ्यांनी प्रिंट पाकिटात दोन-दोन मिलिमीटर पुढेमागे होत असते. बाहेरून पार्सल कोरं करकरीत दिसतं, आत चारही कडा कुरतडल्यासारख्या झालेल्या असतात.

गुंडाळून पाठवू की सपाट?

ए३ (साधारण ४२ बाय ३० सेंटीमीटर) पर्यंत सपाट, डोळे झाकून. ए२ ला विचार करायचा. ए१ आणि त्याहून मोठी असेल तर बहुधा नळीच, कारण तेवढा मोठा सपाट पुठ्ठा वाटेत कुणीतरी मधोमध गुडघा लावून वाकवतोच.

आकारापेक्षा आधी कागद आणि छपाई बघायची. या प्रिंट आम्ही गुंडाळत नाही, कितीही मोठ्या असल्या तरी:

एचिंग, कारण तांब्याच्या किंवा झिंकच्या पत्र्याचा दाबलेला चौकोन कागदात खोल बसलेला असतो आणि गुंडाळलं की त्याच्या कडेवर ताण येतो. शीन-कोले, म्हणजे जाड कागदावर तलम कागद चिकटवून एकाच दाबात छापलेली. ती वळवली की दोन थर वेगवेगळे ताणले जातात आणि मध्ये फुगे धरतात. वर्ख लावलेली. रिडक्शन लिनोकट, म्हणजे एकच ब्लॉक टप्प्याटप्प्याने कोरत शाईचे पाच-सहा थर चढवलेली. आणि कोणताही जुना, पिवळा पडलेला, वाकवला तर कुरकुरणारा कागद.

जिक्ले प्रिंट कॉटन कागदावर असेल तर नळी चालते.

नळी केवढ्या व्यासाची घ्यायची? चित्र आत की बाहेर?

स्टेशनरीच्या दुकानात नकाशासाठी मिळते ती दोन इंची नळी घेऊ नका. हिशेब करून बघा: ए२ ची लांब बाजू ५९.४ सेंटीमीटर. तीन इंची नळीचा घेर साधारण २४ सेंटीमीटर, म्हणजे कागदाला अडीच वेढे. आतून दहा सेंटीमीटरच्या नळीचा घेर ३१, म्हणजे दोनाहून कमी वेढे. जितके वेढे कमी तितका कागद लवकर सरळ. आम्ही चार इंचाखाली जातच नाही, आणि भिंत निदान तीन मिलिमीटरची घेतो. कापडाच्या दुकानात तागे गुंडाळलेले असतात त्या पुठ्ठ्याच्या नळ्या दणकट असतात. ओळखीच्या दुकानदाराला विचारलंत तर तो फुकट देईल. त्यांचा पुठ्ठा आम्लरहित नसतो, म्हणून आतून स्वच्छ कागदाचं अस्तर हवं.

चित्र आत की बाहेर यावर छापणाऱ्यांची एकवाक्यता नाही. मी बाहेर ठेवते. तसं गुंडाळलेलं चित्र टेबलावर उताणं ठेवलं की कडा खाली झुकतात आणि कागद आपोआप बसतो. आत ठेवलं तर कडा वर येतात, माणूस त्या बोटांनी दाबायला जातो, आणि तिथेच मोड पडते. मात्र चित्र बाहेर असेल तर त्यावर ग्लासिन (गुळगुळीत कागद, त्याबद्दल खाली), त्यावर आणखी एक साधा कागद, आणि मग सैलसर फीत. रबर बँड अजिबात नाही. उन्हात तापलेल्या गोदामात रबर वितळून कागदावर तपकिरी रेघ सोडतो, ती निघत नाही.

एकदा नागपूरला पाठवलेली नळी गिऱ्हाइकाच्या हातात पडली तेव्हा ती नळी राहिलीच नव्हती, पट्टी झाली होती. वर काहीतरी जड ठेवलं गेलं असणार. तेव्हापासून नळीत नळी घालतो: आतल्या किंचित बारीक नळीवर प्रिंट गुंडाळायची, ती बाहेरच्या नळीत सरकवायची, आणि दोन्ही तोंडांशी चुरगळलेला कागद ठासायचा. प्लॅस्टिकची टोपणं नुसती दाबून बसवली तर वाटेत सुटतात. त्यांवरून टेपचे दोन आडवे-उभे पट्टे लागतात.

सपाट पॅक तुम्ही नेमका कसा करता?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून ए३ च्या एका लिनोकटचं पॅकिंग जसं होतं तसं सांगते.

आधी टेबल पुसायचं आणि हात धुऊन कोरडे करायचे. पॅकिंगला येणाऱ्या मावशी बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवतात. प्रिंट उचलायची ती समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना धरून, दोन हातांनी, मध्ये झोळीसारखी सैल सोडून. एका हाताने, एका कडेला चिमटीत धरून उचलली की अंगठ्यापाशी नखाएवढी चंद्रकोर उमटते. उजेडात तिरपं धरल्याशिवाय ती दिसत नाही. गिऱ्हाइकाला फ्रेम केल्यावर दिसते.

प्रिंटवर ग्लासिनचा ताव, प्रिंटपेक्षा बोटभर मोठा. मग दोन्ही एका कडक, आम्लरहित पाठपुठ्ठ्यावर. चिकटवायचं काही नाही. कागदाच्या छोट्या पट्ट्या दुमडून त्रिकोणी खिसे करायचे, ते चार कोपऱ्यांवर चढवायचे आणि पुठ्ठ्याला टेप लावायचा तो खिशाला, प्रिंटला नव्हे. आता प्रिंट जागेवर बसली. हे सगळं बीओपीपीच्या (चकचकीत प्लॅस्टिकच्या) पारदर्शक पिशवीत. पिशवीच्या तोंडावर चिकट पट्टी असते ती पिशवीवर असावी, झाकणावर नको. नाहीतर प्रिंट बाहेर काढताना झाकणाचा गोंद तिला धरतो.

मग बाहेरचं कवच. खोक्याच्या पाच प्लायच्या (थरांच्या) पुठ्ठ्याचे दोन तुकडे, प्रिंटपेक्षा चारही बाजूंनी पाच सेंटीमीटर मोठे, म्हणजे साधारण ५२ बाय ४०. या पुठ्ठ्याच्या पोटात पन्हळी असतात. एका तुकड्याच्या पन्हळी उभ्या ठेवायच्या, दुसऱ्याच्या आडव्या. दोन्ही एकाच दिशेला ठेवलेत तर पुठ्ठा पन्हळीच्या रेषेवर वहीसारखा मिटतो. आडव्या-उभ्या ठेवल्या की गुडघ्याने दाबूनही वाकत नाही. मी खरंच दाबून बघते. पिशवी खालच्या तुकड्यावर मधोमध टेपने बसवायची, चारही बाजूंना. हा पाच सेंटीमीटरचा रिकामा काठ फार मोलाचा: कोपऱ्यावर पडलं तर पुठ्ठ्याचा कोपरा चेपतो, प्रिंटपर्यंत काही पोचत नाही.

चारही कडा टेपने पूर्ण बंद, बाहेरून पाणी अडवायला प्लॅस्टिकचा थर, आणि त्यावर कुरिअरची पिशवी. शेवटी पार्सल कानाशी धरून हलवायचं. खुळखुळा वाजला, नुसतं सरकल्यासारखं वाटलं, तरी परत उघडायचं. मावशींना हे आवडत नाही, पण आता न सांगता त्याच आधी हलवून बघतात.

ग्लासिन म्हणजे बटर पेपरच ना?

दुकानदार दोन्हीला बटर पेपर म्हणतो, हीच अडचण. ग्लासिन हा लगद्याचा कागद गरम रुळांमधून दाबून गुळगुळीत केलेला असतो, त्यावर कसलाही लेप नसतो. स्वयंपाकघरातल्या काही बटर पेपरवर मेणाचा लेप असतो. तो उन्हाळ्यात शाईवर उतरतो. मागताना "आम्लरहित ग्लासिन" असंच मागा. आणि ग्लासिन ओल ओढून घेतं आणि सुरकुततं, म्हणून तेच वर्षानुवर्षं प्रिंटवर ठेवू नका. प्रवासापुरतं ठीक.

बबल रॅप थेट प्रिंटला गुंडाळला तर?

मे महिन्यात गोदामात ठेवलेल्या गठ्ठ्यात ते बुडबुडे चित्रावर गोल गोल उमटतात. गडद सपाट रंगावर तर देवीच्या व्रणांसारखे दिसतात. बबल रॅप फ्रेमला, पुठ्ठ्याच्या बाहेरून, आणि बुडबुडे बाहेरच्या बाजूला करून. सपाट प्रिंटला तो लागतच नाही. उलट जाडी वाढते, आणि जाडीचे पैसे पडतात. त्याबद्दल खाली सांगितलंय.

टेप कोणता?

बाहेरून साधा ब्राऊन टेप, ४८ मिलिमीटरचा. प्रिंटच्या आसपास कागदी टेप. सेलोटेप आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप कागदाला कधीही नको. सेलोटेप काही वर्षांनी सुटून पडतो, पण त्याचा गोंद कागदात मुरून पिवळा चौकोन मागे ठेवतो. आणि टेपचं टोक दुमडून ठेवा. ते नसलं की उघडणारा माणूस कटर घेतो, आणि कटर पुठ्ठ्याच्या आत किती जातो ते त्यालाही कळत नाही.

मी पैसे भरून दहा दिवस झाले. प्रिंट अजून का निघाली नाही?

बहुधा वाळत असेल. लिनोकट आणि एचिंगला आम्ही तेलाची शाई वापरतो. ती हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन घट्ट होते, पाण्यासारखी उडून जात नाही. मार्च-एप्रिलमध्ये आठवडा पुरतो. जुलैत दोन-तीन आठवडे लागतात, लाल आणि काळ्याला सगळ्यात जास्त. निघण्याआधी सर्वांत गडद भागावर टिश्यूचा तुकडा ठेवून बोटाने दाबतो. पुसटसा डाग आला तरी पार्सल थांबतं.

जिक्लेचं वेगळं. हाताला ती लगेच कोरडी लागते, पण शाईतला ग्लायकॉल हळूहळू उडत राहतो. छापल्या छापल्या पिशवीत किंवा काचेमागे घातली तर काचेवर आतून धुकं धरतं. चोवीस तास साध्या कागदांच्या मध्ये ठेवली की भागतं.

पावसाळ्यात मागवू का? मी चिपळूणला राहतो.

मागवा, पण घाई करू नका. पावसाळ्यातलं पॅकिंग उन्हाळ्यापेक्षा निराळं असतं, आणि लोक नेमकं उलटं करतात: पाणी आत जाऊ नये म्हणून प्लॅस्टिकचे चार थर गुंडाळतात. पाणी आत जात नाही हे खरं. पण जुलैतल्या हवेत पडून असलेल्या कागदाने आधीच ओल पिऊन ठेवलेली असते. ती प्लॅस्टिकमध्ये कोंडली की बाहेर जाणार कुठे? रात्री ट्रकमध्ये गारवा आला की तीच पिशवीच्या आतून थेंब होऊन धरते.

पहिल्या वर्षी हे मला माहीत नव्हतं. रत्नागिरीला पाठवलेल्या प्रिंटचा फोटो गिऱ्हाइकाने धाडला: बाहेरचा पुठ्ठा कोरडा, प्लॅस्टिक शाबूत, आणि आत कागद पापडासारखा लहरी झालेला. कुरिअरची काही चूक नव्हती. ओल मीच घालून पाठवली होती.

आता पावसाळ्यात प्रिंट पॅक करण्याआधी एक दिवस बल्ब लावलेल्या बंद कपाटात राहते. जुने फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या भिंगांना बुरशी येऊ नये म्हणून करायचे तेच. कपाटात आर्द्रतामापक टांगलाय. काटा ५५ टक्क्यांच्या खाली असेल तेव्हाच पिशवी बंद करायची. ६५-७० टक्क्यांच्या वर हवा बराच काळ राहिली की कागदावर बुरशी धरते, तपकिरी ठिपके पडतात. सिलिका जेलची पुडी आम्ही पाठपुठ्ठ्याच्या मागे घालतो, प्रिंटला टेकवून नव्हे. ती पुडी उघड्या खोक्यात टाकून उपयोग नाही. अर्ध्या दिवसात भरते आणि मग नुसती प्रवास करते. रंग बदलणारे दाणे घ्या, म्हणजे मेलेली पुडी कळते.

कोकणात पार्सल मिळालं की ते जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवू नका. आणि कसर. कागद खाणारा तो चंदेरी किडा दमट कपाटात हमखास असतो, आणि त्याला कागदावरची खळ फार प्रिय.

फ्रेम करून पाठवाल का?

पुण्यात हातोहात देऊ. बाहेरगावी पाठवायची तर मी तुम्हाला परावृत्त करीन. तुमच्या गावातल्या फ्रेमवाल्याकडून करून घ्या. पाठवण्याचा जो खर्च वाचेल त्यात फ्रेम निघेल.

तरीही हवीच असेल तर काचेऐवजी ॲक्रिलिक. काच फुटली की तुकडे प्रिंटवर सरकत राहतात आणि शाई खरवडतात. काचेवर मास्किंग टेपची जाळी मारतात ती काच फुटू नये म्हणून नव्हे. फुटल्यावर तुकडे जागच्या जागी राहावेत म्हणून. ॲक्रिलिकवर मात्र ती जाळी मारायची नाही, गोंद राहतो. शिवाय ॲक्रिलिक घासलं की त्यात स्थिर वीज येते. कोळशाचं किंवा पेस्टलचं काम असेल तर कण उडून वर चिकटतात. प्रिंटला ती भीती नाही.

फ्रेमच्या मागचे हुक आणि तार काढून वेगळ्या पुडीत. त्या हुकांनी शेजारच्या फ्रेमवर ओरखडे काढलेले मी पाहिलेत. दोन फ्रेम एकत्र जाणार असतील तर तोंडाला तोंड लावून, मध्ये सनबोर्ड (फोमचा कडक ताव).

प्रिंटचं वजन शंभर ग्रॅम, कुरिअरवाला सव्वा किलोचे पैसे घेतो. फसवतोय का?

नाही. तो जागेचं वजन लावतोय. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि सहसा ५००० ने भागायचं. येईल ते किलो. खरं वजन आणि हे, यातलं जास्त असेल ते धरतात.

आमचा ए३ चा सपाट पॅक ५२ बाय ४० बाय ३, म्हणजे ६२४०, म्हणजे १.२५ किलो. ए२ चा ७० बाय ५२ बाय ३: २.१८ किलो. ए१ चा ९४ बाय ७० बाय ३: ३.९५. तीच ए१ अकरा सेंटीमीटर जाडीच्या ६८ सेंटीमीटर नळीत घातली तर १.६५. मोठ्या प्रिंट नळीतून का जातात ते यावरून कळेल. जाडी ३ ची ४ झाली की ए१ चं वजन एकदम ५.२६ होतं, बबल रॅपचा एक वेढा इतका महाग पडू शकतो.

पोस्ट बरं, कुरिअर बरं की एसटी?

खेड्यात पोस्ट. पोस्टमन घर ओळखतो, आणि "पत्ता सापडला नाही" असं लिहून पार्सल परत येत नाही. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, त्यामुळे "रजिस्टरने पाठवा" असं सांगणाऱ्यांना आता स्पीड पोस्टच सांगावं लागतं. शहरात कुरिअर, कारण घरून उचलून नेतात. मोठी फ्रेम कोल्हापूर-साताऱ्याला जायची असेल तर एसटीच्या पार्सलचाही विचार करा: एकदा चढलं, एकदा उतरलं, मध्ये चार गोदामं नाहीत. फक्त तुमच्याकडचं कुणीतरी स्टँडवर वेळेवर हवं.

वर "फ्रॅजाइल" लिहिल्याने फरक पडतो का?

पट्ट्यावरून घरंगळणाऱ्या पार्सलवर काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. "वाकवू नका" असं मोठ्या मराठी आणि हिंदी अक्षरांत मात्र मी लिहिते, कारण शेवटचा माणूस, तुमच्या दारात येणारा, ते वाचतो. पूर्वी तो फटीतून आत सरकवण्यासाठी पाकीट दुमडायचा.

विमा काढावा का?

महागड्या प्रिंटचा काढावा. आधी पावतीच्या मागच्या बारीक अक्षरांत भरपाईची कमाल रक्कम किती ते वाचा. विमा नसेल तर ती बहुधा प्रिंटच्या किमतीच्या जवळपासही नसते. पॅक करतानाचे चार फोटो काढून ठेवा: प्रिंट, पिशवीतली प्रिंट, बंद पॅक, वजनकाट्यावरचा पॅक. "पॅकिंग पुरेसं नव्हतं" हे दावा फेटाळण्याचं नेहमीचं कारण, आणि त्याला उत्तर हे फोटोच.

परदेशात पाठवताना काय लिहायचं? मुलगा अमेरिकेत आहे.

पोस्टाने गेलं तर सीमाशुल्काचा सीएन २२ किंवा सीएन २३ अर्ज लागतो. त्यात "गिफ्ट", "पेपर", "पोस्टर" असं मोघम लिहू नका. आम्ही लिहितो: लिनोकट, कागदावर हाताने छापलेली मूळ प्रिंट, सहीसह, १ नग, आणि खरी किंमत. किंमत कमी लिहा असं गिऱ्हाईक सांगतं तेव्हा मी नाही म्हणते. हरवली तर तेवढेच मिळतील.

मालाचा सीमाशुल्क संकेतांक (एचएस कोड) महत्त्वाचा. कलाकाराने स्वतः हाताने कोरलेल्या ब्लॉकवरून किंवा पत्र्यावरून थेट छापलेली प्रिंट ९७०२ मध्ये येते. त्या नोंदीत यांत्रिक किंवा फोटोवरून केलेली छपाई बसत नाही, म्हणून जिक्ले ४९११ खाली छापील चित्र म्हणून जाते. दोन्हीचा कर वेगळा असू शकतो, आणि चुकीचा आकडा घातला की पार्सल अडकतं. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरखालच्या मालाची शुल्कमाफी काढून घेतली. त्या सुमारास आपल्या पोस्टानेही तिकडची पार्सलं काही आठवडे थांबवली होती. पाठवण्याच्या आठवड्यात नियम पुन्हा विचारून घ्या, गेल्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नका.

लाकडी पेटीतून पाठवणार असाल तर कच्च्या लाकडावर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का लागतो, नाहीतर तिकडे पेटीच परत पाठवतात. प्लायवुडला तो लागत नाही. आम्ही प्लायच वापरतो.

आजोबांच्या देवघरातलं रविवर्मा प्रेसचं लक्ष्मीचं चित्र आहे. ते ताईला लंडनला पाठवता येईल?

हा प्रश्न वर्षातून दोन-तीनदा येतो, आणि उत्तर ऐकून लोक नाराज होतात.

रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुण्यात चित्रशाळा छापखाना तर १८७८ पासून देवादिकांची चित्रं छापत होती. त्यामुळे घराघरांतली ही चित्रं शंभरी ओलांडलेली असण्याची शक्यता दांडगी. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकृती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. रविवर्म्यांच्या स्वतः रंगवलेल्या चित्रांवर तर वयाचा प्रश्न न येताही बंदी आहे. तुमचं चित्र शंभर वर्षांहून अलीकडचं असेल तर ते पुरावस्तू नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून घ्या आणि मगच कुरिअरकडे जा. कपड्यांच्या घड्यांत ठेवून नेऊ असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी पॅकिंग करून देत नाही.

देशातल्या देशात पाठवायला काही हरकत नाही, पण पद्धत वेगळी. ओलिओग्राफ म्हणजे एकेका रंगाचा एकेक दगड करून छापलेलं चित्र, वरून वॉर्निश. ते वॉर्निश उन्हात मऊ होतं आणि ग्लासिन त्याला चिकटून बसतं. तिथे सिलिकॉनचा लेप असलेला कागद वापरा. जुन्या फ्रेममधून ते ओढून काढू नका. शंभर वर्षांत काचेला चिकटलेलं असू शकतं, आणि लक्ष्मीच्या साडीवरची जर काचेवर राहते. पूर्वी हौसेने चित्रावर खरी जर आणि टिकल्या शिवत असत. तसं असेल तर काच न काढता फ्रेमसकट, पेटीत, उभं पाठवायचं. आणि शक्य असेल तर कुणीतरी मांडीवर घेऊन जा.

पार्सल आलंय. लगेच उघडू?

डिसेंबरात दिल्लीला किंवा थंड देशात आलं असेल तर खोलीत चार-पाच तास तसंच राहू द्या. गार पार्सल गरम खोलीत उघडलं की कागदावर दव धरतं. बाकी दिवसांत लगेच उघडा, आणि उघडण्याआधी मोबाइल चालू करून सगळ्या बाजू चित्रित करा. कटर वापरलात तर पातं फक्त टेपपुरतं बाहेर काढा. पिशवीतून प्रिंट ओढू नका, पाठपुठ्ठ्यासकट सरकवा.

नळीतून आलेली प्रिंट सरळच होत नाही. इस्त्री फिरवू का?

नको. जिक्लेवर इस्त्री म्हणजे लेप गेलाच. उलट्या बाजूला गुंडाळूनही बघू नका, त्याने आडव्या मोडी पडतात. दोन स्वच्छ कागदांच्या मध्ये, सपाट टेबलावर, वर एक पुठ्ठा आणि त्यावर जड पुस्तकं. दिवाळी अंकांचा जुना गठ्ठा चालतो. दोन दिवस हात लावू नका. पावसाळ्यात लवकर बसते, उन्हाळ्यात वेळ लागतो.

कोपरा चेपून आला. आता?

बोटाने सरळ करू नका. फोटो काढा, पॅकिंग फेकू नका, आम्हाला त्याच दिवशी कळवा. पुठ्ठ्याचा कोपरा चेपला पण प्रिंट ठीक असेल तर पुठ्ठ्याने आपलं काम केलं. प्रिंटला लागलं असेल तर जिक्ले आम्ही नवी काढून देतो. लिनोकटच्या बाबतीत पैसे परत, किंवा त्याच आवृत्तीतली दुसरी शिल्लक असेल तर ती. खराब झालेली प्रत परत मागवून आम्ही तिच्या मागे तसं लिहून ठेवतो, म्हणजे ती कुणाला नवी म्हणून जात नाही.

हे सामान पुण्यात कुठे मिळतं?

बीओपीपी पिशव्या, टेप आणि बबल रॅप रविवार पेठेत बोहरी आळीत घाऊक मिळतात. शंभराखाली मागितल्या तर दुकानदार तोंड वाकडं करतो. कागद आणि पुठ्ठ्यासाठी अप्पा बळवंत चौकाच्या बाजूला फिरा. पाच प्लायचे मोठे ताव खोकी बनवणाऱ्या कारखान्यातून कापून मिळतात, ते स्वस्त पडतात. तीन प्लायवर भागवू नका.

पॅकिंग परत वापरता का? फार कचरा होतो.

बाहेरचे पुठ्ठे वापरतो, पन्हळ चेपलेली नसेल तर. पुण्यातली गिऱ्हाइकं नळ्या आणून देतात, त्यांना पुढच्या खेपेला पाठवणीचा खर्च माफ. ग्लासिन मात्र दरवेळी नवं. वापरलेल्या ग्लासिनवर आधीच्या चित्राची शाई पुसटशी लागलेली असते, आणि कुणाच्या पांढऱ्या शुभ्र आकाशात दुसऱ्याचा कावळा उमटलेला मी एकदा पाहिलाय.